विश्वास अंतराल: ९५ टक्के नेमके कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी. कृषीच्या एका विद्यार्थ्याने सोयाबीनच्या पीक कापणीचे (म्हणजे शेतात ठरावीक मापाचा तुकडा, प्लॉट, आखून कापलेल्या पिकाच्या वजनाचे) दहा आकडे घेऊन सरासरी काढली, ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल (खरी सरासरी ज्यांच्या दरम्यान धरायची असे, नमुन्यावरून काढलेले दोन आकडे) काढला, आकडेमोड बरोबर आली. खाली त्याने लिहिलं, "तालुक्याची खरी सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे." परीक्षकांनी त्या वाक्यावर लाल रेघ ओढून दोन गुण कापले. का कापले ते कुणी सांगितलं नाही. शिवाय त्याला हेही विचारायचं आहे की अंतराल काढताना तक्त्यातला झेड हा गुणक कधी वापरायचा आणि टी कधी, आणि प्रकल्पासाठी प्लॉट किती घ्यायचे.

मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवतो आहे आणि त्याआधी काही हंगाम पीक कापणीच्या कामावर शेतातून फिरलो आहे. हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि बहुतेक वेळा "पुस्तकात तसंच लिहिलंय" असं सांगून मिटवला जातो. तो तसा मिटवू नये. सूत्र दहा मिनिटांत पाठ होतं, पण अर्थ चुकला तर पुढे बियाणं असो, औषध असो, निवडणुकीचा अंदाज असो, सगळीकडे तीच चूक होत राहते.

आधी आकडे हातात घेऊ. प्लॉट १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटर. हेक्टरमध्ये असे २०० प्लॉट बसतात. म्हणून प्लॉटमधल्या किलोंना २०० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात, आणि थेट क्विंटल हवे असतील तर किलोंची नुसती दुप्पट करायची. दहा प्लॉटमधलं मळून, वाळवून केलेलं वजन किलोत असं आलं असं धरू:

७.२, ५.८, ६.५, ८.१, ४.९, ६.०, ७.४, ५.५, ६.८, ५.८

बेरीज ६४.०, सरासरी ६.४ किलो. हेक्टरी १२.८ क्विंटल.

आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते बघा: ०.८, −०.६, ०.१, १.७, −१.५, −०.४, १.०, −०.९, ०.४, −०.६. यांची बेरीज शून्य यायलाच हवी. ती आली नाही तर पुढे जाऊ नका, कुठेतरी वजाबाकी चुकली आहे. या फरकांचे वर्ग करून मिळवले की ८.६४ येतात. त्यांना १० ने नाही, ९ ने भागायचं. कारण आत्ताच पाहिलं तसं फरकांची बेरीज शून्यच असते, त्यामुळे नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो. मोकळी माहिती नऊचीच आहे, आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात ती हीच. ८.६४ भागिले ९ म्हणजे ०.९६, त्याचं वर्गमूळ ०.९८ किलो. हे प्रमाण विचलन झालं.

इथपर्यंत सगळे येतात. पुढच्या पायरीवर गडबड होते, म्हणून जरा थांबतो. ०.९८ किलो हा एका प्लॉटपासून दुसऱ्या प्लॉटपर्यंतचा चढउतार आहे. आपल्याला मात्र दहा प्लॉटच्या सरासरीचा चढउतार हवा आहे. दुसऱ्या कुणी त्याच तालुक्यात वेगळे दहा प्लॉट कापले असते तर त्याची सरासरी ६.४ आली नसती, ६.१ आली असती किंवा ६.७. सरासरीत एका शेताचं जास्त आणि दुसऱ्याचं कमी एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून ती एकेका प्लॉटइतकी उड्या मारत नाही. तिचा चढउतार नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या पटीत कमी होतो. ०.९८ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे ०.३१ किलो. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. नाव ऐकून कुणाची तरी चूक झाली आहे असं वाटतं, पण चूक कुणाचीच नाही. नमुना हा नमुना असतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता ही ०.३१ किती पटींनी दोन्ही बाजूंना ताणायची? नऊ डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी ९५ टक्क्यांचा टी तक्त्यात २.२६२ आहे. २.२६२ गुणिले ०.३१ म्हणजे ०.७० किलो. हे मार्जिन. सरासरीतून वजा केलं की ५.७०, मिळवलं की ७.१० किलो. हेक्टरी ११.४ ते १४.२ क्विंटल. आकडेमोड संपली.

ती लाल रेघ त्या दोन आकड्यांबद्दल नव्हती.

जत्रेत रिंग टाकायचा खेळ सगळ्यांनी पाहिलेला असतो. साबण, डबे, पावडरचे डबे मांडून ठेवलेले असतात, आपण लांबून रिंग फेकतो. साबण जागचा हलत नाही, हलते ती रिंग. समजा एखाद्या माणसाचा हात इतका बसलेला आहे की शंभरातल्या पंचाण्णव वेळा त्याची रिंग साबणाभोवती पडते. हा त्याच्या फेकीचा गुण आहे. पण एकदा रिंग जमिनीवर पडली की ती साबणाभोवती आहे किंवा नाही. "पडलेली रिंग ९५ टक्के साबणाभोवती आहे" या वाक्याला अर्थच उरत नाही.

संख्याशास्त्रात फरक इतकाच की आपल्याला साबण दिसत नाही. तालुक्यातल्या सगळ्या सोयाबीनची खरी सरासरी एक ठरलेला आकडा आहे. तो कुणालाच माहीत नाही, पण तो आहे आणि तो हलत नाही. आपला नमुना बदलला की ६.४ बदलतो, ०.९८ बदलतो आणि म्हणून अंतरालाची दोन्ही टोकं बदलतात. शक्यता आहे ती या बदलण्यात. ९५ टक्के हा हात किती बसलेला आहे त्याचा आकडा आहे, समोर पडलेल्या रिंगेचा नाही.

वर्गात मी हे बोलून सोडत नाही, करायला लावतो. एका बरणीत पाचशे चिठ्ठ्या टाकतो, प्रत्येकीवर एक आकडा. सगळ्यांची सरासरी मला माहीत असते, मुलांना नसते. साठ मुलं येतात, प्रत्येक जण बरणी हलवून दहा चिठ्ठ्या काढतो, आकडे लिहून घेतो आणि चिठ्ठ्या परत टाकतो. मग आपापल्या जागी बसून प्रत्येकाने स्वतःचा अंतराल काढायचा. फळ्यावर मी खऱ्या सरासरीची उभी रेघ मारतो आणि प्रत्येक जण आपल्या अंतरालाची आडवी रेघ काढतो. साठ आडव्या रेघांपैकी साधारण तीन उभ्या रेघेला शिवत नाहीत. एखाद्या तुकडीत एकच चुकते, एखाद्या तुकडीत पाच-सहाही चुकतात. ज्या मुलीची रेघ चुकली तिची आकडेमोड मी सगळ्यांसमोर तपासतो. ती बिनचूक असते. तिने काहीही चुकीचं केलेलं नसतं, तिच्या वाट्याला आलेल्या दहा चिठ्ठ्या तशा होत्या. आणि स्वतःच्या वहीकडे बघून ते तिला कळण्याचा कुठलाही मार्ग नव्हता. हे एकदा फळ्यावर पाहिलं की मुलं पुन्हा ते लाल रेघेचं वाक्य लिहीत नाहीत.

वहीत असं लिहा: "या पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन अंतराल काढत राहिलो, तर १०० पैकी सुमारे ९५ अंतरालांत खरी सरासरी सापडेल. आमच्या नमुन्यातून आलेला अंतराल हेक्टरी ११.४ ते १४.२ क्विंटल आहे." बोलताना "९५ टक्के विश्वासाने म्हणता येईल की" असं म्हटलं तरी चालतं, कारण तो विश्वास पद्धतीवरचा आहे हे त्यात गृहीत असतं.

तर परीक्षकांची रेघ बरोबर होती. पण कारण न लिहिता दोन गुण कापणं मला पटत नाही. या जागी भलेभले अडखळलेले आहेत. जर्झी नेमन यांनी १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसमोर ही कल्पना मांडली, तेव्हा चर्चेत आर्थर बाउली यांच्यासारख्या मुरलेल्या संख्याशास्त्रज्ञाने शंका घेतली होती की या विश्वासात काही हातचलाखी तर नाही ना. नेमन यांनी १९३७ मध्ये मोठा निबंध लिहून सगळं पुन्हा पायापासून मांडलं. रोनाल्ड फिशर यांना ती मांडणी कधीच पूर्ण मान्य झाली नाही. ज्या गोष्टीवर त्या पिढीतले दिग्गज भांडले, तिथे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गोंधळला तर त्यात नवल नाही.

तुमचंच वाक्य जसंच्या तसं म्हणायचं असेल, तर त्याचीही सोय संख्याशास्त्रात आहे. बेझच्या पद्धतीत खऱ्या सरासरीबद्दल आपली आधीची समजूत काय होती ते आकड्यांत मांडावं लागतं, मग नमुना पाहून ती सुधारायची. त्यातून जो अंतराल निघतो त्याबद्दल "इतकी शक्यता" म्हणता येतं. पण ती वेगळी पद्धत आहे, वेगळी किंमत मोजून मिळते. टीच्या तक्त्यातून अंतराल काढायचा आणि वाक्य बेझचं लिहायचं, हे जुळत नाही.

अजून एक गैरसमज याच्याइतकाच पसरलेला आहे आणि व्यवहारात जास्त नुकसान करतो: ९५ टक्के शेतांचं उत्पादन या अंतरालात असतं, हा. आपल्याच दहा आकड्यांकडे बघा. ५.७० ते ७.१० मध्ये किती बसतात? ५.८, ६.५, ६.०, ६.८ आणि पुन्हा ५.८. पाच. निम्मे प्लॉट बाहेर आहेत! यात काहीही बिघडलेलं नाही, कारण हा अंतराल शेतांसाठी नव्हताच, तालुक्याच्या सरासरीसाठी होता. उद्या त्याच तालुक्यात यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी टाकून निवडलेला, आणखी एक प्लॉट कापला तर त्यात किती निघेल, असा प्रश्न असेल तर अंतराल बराच रुंद घ्यावा लागतो. आपल्या आकड्यांवरून तो साधारण ४.१ ते ८.७ किलो येतो. शेतकऱ्याला "तुमच्या शेतात ११.४ ते १४.२ क्विंटल निघेल" असं या अंतरालावरून सांगितलं, तर ती त्याची फसवणूक आहे, जाणूनबुजून केलेली नसली तरी.

टी की झेड, हे लवकर उरकतो, कारण हा प्रश्न दिसतो तितका मोठा नाही. समष्टीचं, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्यांचं, प्रमाण विचलन आधीच माहीत असेल तर झेड, नमुन्यातूनच काढावं लागत असेल तर टी. शेतात, दवाखान्यात, कारखान्यात ते आधी माहीत असणं जवळजवळ कधीच घडत नाही, म्हणून सरासरीसाठी टी वापरायचा, विषय संपला. "एन (नमुन्यातल्या आकड्यांची संख्या) ३० पेक्षा मोठा असेल तर झेड" हा नियम तक्ते छापून वाटण्याच्या काळातला आहे. नमुना मोठा झाला की टी आपणहून झेडजवळ जातो: ३९ डिग्रीज ऑफ फ्रीडमला तो २.०२३ असतो आणि झेड १.९६. पण लहान नमुन्यात झेड वापरलात तर दहा प्लॉटसाठी तुमचा "९५ टक्के" प्रत्यक्षात ९२ च्या आसपास भरतो, आणि चारच प्लॉट असतील तर ८६ च्या आसपास. म्हणजे ९५ ची पाटी लावून माल कमी तोलायचा.

हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं तो माणूस प्राध्यापक नव्हता, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर होता. बार्लीच्या जाती, हॉप्सची प्रत यांवरचे प्रयोग महाग असायचे, म्हणून हातात आकडे थोडे. थोड्या आकड्यांतून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच डळमळीत असतं, आणि त्या डळमळीतपणाची भरपाई अंतराल रुंद करून द्यावी लागते, हे त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. टीचा तक्ता तिथून आला. म्हणजे तुम्ही सोयाबीनच्या दहा प्लॉटसाठी तो वापरता तेव्हा, ज्या कामासाठी तो जन्मला त्याच कामासाठी वापरता.

एक्सेल वापरत असाल तर दोन जागा सांभाळा. प्रमाण विचलनासाठी 'एसटीडीईव्ही डॉट एस' घ्या, शेवटी 'पी' असलेलं घेतलंत तर ते ९ ऐवजी १० ने भागतं. आणि 'कॉन्फिडन्स डॉट टी' या फंक्शनमध्ये पहिला आकडा ०.०५ द्यायचा असतो, ०.९५ नाही. तिथे ०.९५ टाकून कमालीचा अरुंद अंतराल घेऊन खूश झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. शिवाय ते फंक्शन फक्त मार्जिन देतं, सरासरीत मिळवणं-वजा करणं आपल्यालाच करायचं असतं.

९५ च का, असंही काही जण विचारतात. ती एक रूढी आहे. ९० टक्के चालत असतील तर आपला अंतराल ५.८३ ते ६.९७ होतो, ९९ हवे असतील तर ५.३९ ते ७.४१. चुकण्याची भीती जितकी कमी करायची, तितकं बोलणं मोघम करावं लागतं. माहिती तेवढीच असताना दोन्ही एकदम मिळत नाही.

सरासरीऐवजी टक्केवारी असेल तर सूत्र थोडं बदलतं, आणि इथे मला एक उदाहरण मुद्दाम द्यायचं आहे. पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला आपल्याकडे १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सोयाबीनला उगवणीचा किमान निकष ७० टक्के आहे. समजा ७४ उगवल्या. शेतकरी म्हणतो, झालं, ७० च्या वर आहे. प्रमाण त्रुटी काढा: ०.७४ गुणिले ०.२६ भागिले १००, त्याचं वर्गमूळ, ०.०४४. गुणिले १.९६ म्हणजे जवळजवळ ९ टक्के. अंतराल ६५ ते ८३. म्हणजे बियाणं ६६ टक्क्यांचंही असू शकतं, या चाचणीने ते नाकारलेलं नाही. बीज परीक्षण प्रयोगशाळेत १०० च्या चार अशा ४०० बिया घेतात, ते उगीच नाही. ४०० मध्ये ७४ टक्के आले तर अंतराल ६९.७ ते ७८.३. बिया चौपट केल्या, रुंदी निम्मी झाली, तरी खालचं टोक अजून ७० ला टेकलेलंच आहे. घरी चाचणी करूच नका असं मी म्हणत नाही, जरूर करा. पण ७४ आले तर आणखी दोनदा करा, आणि बियाण्याचं प्रमाण ठरवताना थोडा हात राखून ठेवा.

टक्केवारीचं हे साधं सूत्र टोकाला गेलं की मोडतं. २० बिया लावल्या आणि २० ही उगवल्या, तर प्रमाण त्रुटी शून्य येते आणि अंतराल १०० ते १००. वीस बिया पाहून कुणी पूर्ण पोत्याची खात्री देईल का? अशा वेळी एक सोपी युक्ती आहे: दोन उगवलेल्या आणि दोन न उगवलेल्या बिया कागदावर जास्तीच्या धरायच्या, म्हणजे २४ पैकी २२, आणि मग नेहमीचं सूत्र लावायचं. खालचं टोक ८१ टक्के येतं, वरचं १०० च्या पुढे जातं ते १०० वर थांबवायचं. हे बुद्धीला पटणारं उत्तर आहे.

दोन गटांची तुलना करताना होणारी एक चूकही इथेच सांगतो. शेजारच्या तालुक्यात दहा प्लॉटची सरासरी ७.४ किलो आली आणि चढउतार आपल्याइतकाच आहे असं समजा. त्यांचा अंतराल ६.७० ते ८.१०, आपला ५.७० ते ७.१०. दोन्ही एकमेकांवर चढलेले आहेत, म्हणून "फरक नाही" असं लिहून मोकळे होतात. पण तुलना करायची तर फरकाचाच अंतराल काढावा लागतो. फरक १.०, त्याची प्रमाण त्रुटी ०.४४, १८ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा टी २.१०१. अंतराल ०.०८ ते १.९२. शून्य त्यात नाही. म्हणजे फरक आहे, जेमतेम का होईना, आणि नुसत्या डोळ्यांनी बघून तो हातचा गेला होता.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. विश्वास अंतराल फक्त योगायोगाचा हिशोब ठेवतो. नमुना यादृच्छिक होता, मापं बरोबर होती, असं धरून तो चालतो. ते धरणंच चुकीचं असेल तर अंतरालाला त्याचा पत्ता लागत नाही.

याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि एगॉन पिअरसन यांच्याकडे शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट घेतली. म्हणजे विश्वास अंतराल जिथे घडत होता, त्या खोलीत हा माणूस बसलेला होता. परत येऊन त्यांनी चाळीसच्या दशकात भारतातल्या पीक कापणीचं काम यादृच्छिक नमुन्यांवर उभं केलं. त्या वेळी मोठा वाद होता प्लॉट केवढा असावा याचा. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान लहान तुकडे, पण पुष्कळ, असा होता. नुसत्या प्रमाण त्रुटीकडे पाहिलं तर ते सोयीचं दिसतं, आकडे वाढतात, अंतराल अरुंद होतो. सुखात्मे यांनी दाखवलं की फार लहान प्लॉटमधून उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघतं.

कारण शेतात उभं राहिलं की लगेच कळतं. दोरी लावली की काही झाडं नेमकी दोरीवर येतात. कापणाऱ्याचा विळा ती बहुधा आत ओढतो, यात कुणाचा वाईट हेतू नसतो. १० बाय ५ च्या प्लॉटला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर दोरी असते, म्हणजे चौरस मीटरमागे ०.६ मीटर. १ बाय १ च्या प्लॉटला एका चौरस मीटरमागे ४ मीटर दोरी असते. काठावरच्या झाडांचा घोळ जवळजवळ सातपट होतो. आणि ही चूक नेहमी एकाच दिशेने जाते, म्हणून प्लॉट कितीही वाढवले तरी ती एकमेकांना खात नाही. आपल्या उदाहरणात प्रत्येक प्लॉटला अशी ०.८ किलो भर पडली असती, तर अंतराल ६.५ ते ७.९ आला असता. रुंदी तीच, ९५ टक्के तेच, टीचा तक्ता तोच. आणि जी ६.४ आपण आत्ता काढली, तीच अंतरालाच्या बाहेर गेली असती. प्लॉट शंभर घेतले असते तर तो याच चुकीच्या जागेभोवती आणखी अरुंद झाला असता.

कामाच्या पहिल्याच हंगामात मी हे वेगळ्या रूपात पाहिलं. पाऊस लांबला होता, आतल्या शिवारात चिखल होता, आणि आमच्या गटाने रस्त्याकडेची शेतं घेऊन काम आटोपलं. रस्त्याकडेच्या शेतांना पाणी होतं, खत वेळेवर पोचत होतं. आकडे सुरेख जुळले, अंतराल इतका अरुंद आला की आम्हाला अभिमान वाटला. आतली शेतं नंतर कापली गेली तेव्हा कळलं की तो अंतराल तालुक्याचा नव्हताच, रस्त्याचा होता. त्यानंतर मी कुणाचाही अंतराल पाहिला की आधी नमुना कसा निवडला ते विचारतो.

म्हणून प्लॉट किती घ्यायचे या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त एका आकड्यात देत नाही. आकडा आधी सांगतो. तालुक्याची सरासरी अधिक-उणे ०.४ किलोपर्यंत, म्हणजे हेक्टरी ०.८ क्विंटलपर्यंत, हवी असेल तर मार्जिनचं सूत्र उलटं फिरवायचं: १.९६ गुणिले ०.९८ भागिले ०.४, त्याचा वर्ग. २३ च्या जरा वर येतात, म्हणजे २४ धरायचे. पण वापरायचा टी आहे, त्याची भर घातली की २६ प्लॉट. ०.२ किलोपर्यंत नेमकेपणा हवा म्हणालात तर ९५ प्लॉटच्या खाली जमत नाही. निम्म्या मार्जिनसाठी जवळजवळ चौपट श्रम, आणि एका हंगामात दोन-तीन विद्यार्थ्यांना ते झेपणार नाहीत. २६ घ्या.

ते २६ कुठे घ्यायचे, याला मात्र वेळ द्या. एकाच गावातली शेतं एकमेकांसारखी असतात, तीच जमीन, तोच पाऊस, बहुधा एकाच दुकानातलं बियाणं. दोन गावांत १३-१३ प्लॉट कापलेत तर कागदावर २६ दिसतील, पण माहिती त्याहून कितीतरी कमी मिळेल. त्यापेक्षा १३ गावं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येक गावात दोन प्लॉट घ्या. शेताचा गट क्रमांकही चिठ्ठीनेच काढा. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करून, लांबीकडे आणि रुंदीकडे किती पावलं जायचं ते आधीच काढून ठेवलेल्या यादृच्छिक आकड्यांवरून ठरवा. पीक पातळ दिसलं म्हणून जागा बदलू नका, दाट दिसलं म्हणूनही नाही. दोरीवर आलेल्या झाडाचा बुंधा आत असेल तर ते आत, नाहीतर बाहेर, हे कापणाऱ्याला पहिलं झाड कापायच्या आधी सांगा.

आणि हिशोबाला बसाल तेव्हा २६ आकडे सुटे धरू नका. प्रत्येक गावाच्या दोन प्लॉटची सरासरी काढा, म्हणजे १३ आकडे हातात येतील. त्या १३ चं प्रमाण विचलन, त्याला १३ च्या वर्गमुळाने भागून प्रमाण त्रुटी, आणि १२ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा टी, २.१७९.